अंडं निघालंय कुठे? परजीवींच्या आजारांची सोपी ओळख

शौचाचा नमुना काडीच्या टोकावर मावेल एवढाच घ्यायचा. काचपट्टीवर सलाइनचा थेंब टाकून त्यात तो कालवायचा, वर काचझाकणी ठेवायची. थर इतका पातळ हवा, की पट्टी छापील कागदावर ठेवली तर खालची अक्षरं वाचता यावीत. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. सुरुवातीला नुसता गाळच दिसतो: न पचलेले धागे, तेलाचे थेंब, हवेचे बुडबुडे. पट्टी ओळीओळीने सरकवत राहिलं, की मध्येच एक लांबट गोल, गडद मधाच्या रंगाची आकृती समोर येते. कडेला सगळीकडून झालर लावल्यासारखे फुगवटे, आत दाणेदार गोळा. हे गोलकृमीचं अंडं.

शिकाऊ मुलं "सापडलं" म्हणतात, वहीत नोंद करतात आणि पुढच्या पट्टीकडे वळतात. मी त्यांना थांबवते आणि विचारते: हे अंडं निघालंय कुठे? बहुतेकांना प्रश्नच कळत नाही. अंडं म्हणजे पोटात जंत असल्याचा पुरावा, ते आणखी कुठे जाणार? पण जंताच्या बाजूने बघा. गोलकृमीची मादी दिवसाला सुमारे २ लाख अंडी घालते आणि त्यातलं एकही त्या पोटात फुटत नाही. सगळीच्या सगळी बाहेर पडण्यासाठीच घातलेली असतात. आपल्या पट्टीवर आलेलं अंडं प्रवासाला निघालं होतं, आपण ते वाटेत अडवलं.

परजीवी शरीरात कुठे राहतो, हे आपण लगेच विचारतो. तो बाहेर कुठून पडतो, मधल्या काळात कुठे थांबतो आणि पुढच्या माणसात कसा शिरतो, हे मात्र फार कमी वेळा विचारलं जातं. माझ्या मते हा सगळा विषय या तीन प्रश्नांत आहे. गोळीने एका माणसाचा जंत मरतो, पण गावातला आजार हटवायचा तर या तीन प्रश्नांची उत्तरं हातात असावी लागतात.

परजीवी म्हणजे नेमकं कोण

दुसऱ्या सजीवाच्या अंगात किंवा अंगावर राहून, त्याच्याच जिवावर जगणारा आणि त्याचं नुकसान करणारा जीव म्हणजे परजीवी. तो ज्याच्या जिवावर जगतो तो यजमान. या व्याख्येत जीवाणू आणि विषाणूही बसतात, पण वैद्यकीय परजीवीशास्त्रात त्यांना धरत नाहीत. तिथे तीन गट येतात. पहिला एकपेशीय आदिजीवांचा: हिवतापाचा प्लाझमोडियम, आमांशाचा अमीबा, काळ्या आजाराचा लेशमानिया. दुसरा कृमींचा: गोल, चपटे, पट्टीसारखे लांब. तिसरा अंगावर राहणाऱ्यांचा, म्हणजे उवा, खरजेचे किडे, गोचिड्या. या तिसऱ्या गटाबद्दल इथे फारसं बोलणार नाही.

पहिल्या दोन गटांतला एक फरक मात्र नीट लक्षात ठेवायला हवा, पुढचं बरंच त्यावर उभं आहे. आदिजीव आपल्या शरीरात शिरल्यावर तिथेच वाढतात. एकाचे दोन, दोनाचे चार. हिवतापाचे मोजके जंतू शिरले तरी काही दिवसांत रक्तात कोट्यवधी होतात. कृमींचं तसं नाही. बहुतेक कृमी माणसाच्या पोटात अंडी घालतात, पण तिथे त्यांची संख्या वाढत नाही. पोटात वीस जंत असतील तर निदान वीस अंडी किंवा अळ्या बाहेरून आत शिरल्या आहेत, असा त्याचा सरळ अर्थ. (याला मोजके अपवाद आहेत. स्ट्राँगिलॉइडिस हा कृमी त्याच शरीरात पुन्हापुन्हा संसर्ग करत कित्येक वर्षं गुपचूप टिकतो, आणि स्टिरॉइड औषधांनी प्रतिकारशक्ती दबली की एकदम जिवावर उठतो. म्हणून असा संसर्ग असण्याची शक्यता वाटली, तर स्टिरॉइड सुरू करण्याआधी त्याची तपासणी करून घेतात.)

म्हणून कृमींच्या बाबतीत "आहे की नाही" याच्याइतकाच "किती आहेत" हा प्रश्न मोलाचा. अंकुशकृमीचं उदाहरण घ्या. हा जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा. आतड्याच्या आतल्या अस्तराला तोंडाने चिकटतो आणि रक्त पितो. त्याच्या दोन मुख्य जातींपैकी अँकायलोस्टोमा जातीचा एक कृमी दिवसाला साधारण ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो. पोटात पाच कृमी असतील तर माणसाला पत्ताही लागत नाही. शंभर असतील तर रोजचं पंधरा-वीस मिलिलिटर रक्त गेलं, म्हणजे दोन महिन्यांत लिटरभर. खाण्यातून मिळणारं लोह त्याला पुरं पडत नाही. चढावर धाप लागते, नखं पांढरी पडतात, मूल वर्गात पेंगतं. गरोदर बाईच्या जिवाला धोका होतो. पाच कृमीवाला आणि शंभर कृमीवाला, दोघांनाही "अंकुशकृमीचा संसर्ग" आहे, पण आजारी त्यातला एकच. संसर्ग आणि आजार या दोन गोष्टी परजीवीशास्त्रात कायम वेगळ्या मोजतात.

हे ओझं सगळ्यांवर सारखं वाटलेलंही नसतं. एखाद्या वस्तीतल्या सगळ्यांचे कृमी मोजले तर बहुतेकांत थोडे किंवा शून्य निघतात, आणि थोड्याच लोकांच्या पोटात भरमसाट. ढोबळमानाने पाचातल्या एकाकडे एकूण कृमींचा बहुतांश साठा असतो. सगळ्यात जास्त आजारी तेच पडतात आणि मातीत सगळ्यात जास्त अंडी जातात तीही त्यांच्याचकडून. आणि पुष्कळदा आजारी पडेपर्यंत ते कुणाच्या नजरेत आलेले नसतात.

मातीतून जाणारी वाट

आता काचपट्टीवरच्या त्या अंड्याकडे परत येऊ. ते बाहेर पडलं त्या क्षणी निरुपद्रवी असतं. ताजं अंडं पोटात गेलं तरी संसर्ग होत नाही. त्याला ओलसर, सावलीतली, उबदार माती लागते, आणि दोन ते चार आठवडे. तेवढ्या काळात आतल्या दाणेदार गोळ्याची अळी बनते आणि मग ते अंडं घातक होतं. झालरीसारखं जाड कवच असल्यामुळे मातीत ते महिनोन् महिने, कधीकधी वर्षानुवर्षं तग धरतं. हात, न धुतलेली भाजी, खेळणी, पाणी, कशातूनही ते तोंडात जातं.

पुढे काय होतं हे कळायला शिमेसू कोईनो या जपानी डॉक्टरला स्वतःच्या शरीराचं प्रयोगघर करावं लागलं. १९२२ मध्ये त्याने अशी तयार झालेली २,००० अंडी गिळली. काही दिवसांत त्याला न्यूमोनियासारखा त्रास सुरू झाला, आणि त्याच्याच थुंकीत गोलकृमीच्या अळ्या सापडल्या. आतड्यात फुटलेली अळी सरळ तिथेच मोठी होत नाही. ती आतड्याची भिंत भेदून रक्तात जाते, यकृतातून फुप्फुसात पोचते, श्वासनलिकेतून वर घशात येते, गिळली जाते आणि पुन्हा आतड्यात उतरते. हा फेरा पुरा झाला की मगच ती वीत-दीड वीत लांबीचा जंत होते. जंतांचा संसर्ग असलेल्या मुलाला कधीकधी आधी खोकला का लागतो, त्याचं उत्तर हे.

अंकुशकृमीची अळी तर तोंडाची वाटच बघत नाही. कैरोमध्ये काम करणाऱ्या आर्थर लूस या संशोधकाच्या हातावर एकदा अळ्या असलेलं पाणी सांडलं. त्या जागी खाज सुटली, कातडी लाल झाली. पुढे त्याने स्वतःच्याच शौचाची तपासणी केली, तर काही आठवड्यांनी तिथे अंकुशकृमीची अंडी हजर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लागलेल्या या शोधामुळे पहिल्यांदा कळलं, की हा कृमी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो. त्याआधी, १८८० मध्ये, आल्प्स पर्वतातल्या गोटहार्ड बोगद्यात काम करणारे मजूर रक्तक्षयाने खंगत होते आणि त्यांच्या पोटात हा कृमी सापडला होता. ते असं: बोगदा उबदार, दमट, आत शौचालय नाही आणि शेकडो माणसं त्याच चिखलात उभी. अळीला हवं ते सगळं तिथे होतं.

या दोघांशी तुलना करावी ती मुलांच्या गुदद्वाराशी रात्री खाज आणणाऱ्या, पांढऱ्या दोऱ्यासारख्या बारीक कृमीशी. याची मादी अंडी पोटात घालत नाही. रात्री मूल झोपलं की बाहेर येऊन कातडीवर घालते आणि ती चार-सहा तासांतच घातक होतात. मातीची गरजच नाही. मूल खाजवतं, अंडी नखात अडकतात, तोंडात जातात, चादरीवर सांडतात. त्यामुळे शौचतपासणीत हा कृमी बहुतेक वेळा सापडतच नाही. सकाळी उठल्याबरोबर, अंघोळीच्या आधी, गुदद्वाराशी पारदर्शक चिकटपट्टी लावून ती काचपट्टीवर डकवायची आणि तपासायची. उपचारही घरातल्या सगळ्यांचा एकाच वेळी करायचा, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. एका मुलालाच औषध दिलं तर महिन्याभरात तेच मूल पुन्हा खाजवताना दिसतं आणि आई म्हणते, औषध लागू पडलं नाही. औषध लागू पडलेलं असतं. अंडी मात्र शेजारच्या अंथरुणात असतात.

तिन्ही "जंत"च. पण एकाला शौचालय आणि हात धुणं अडवतं, दुसऱ्याला शौचालयाबरोबर पायातली चप्पल, आणि तिसऱ्याला कापलेली नखं व रोज बदललेली चड्डी. जंतांवर सरसकट एकच सल्ला देणाऱ्यांचं मला म्हणून पटत नाही.

दोन यजमानांचा संसार

काही परजीवींना आयुष्य पुरं करायला दोन वेगवेगळे यजमान लागतात. ज्याच्यात परजीवी प्रौढ होतो, नर-मादीचं मीलन किंवा लैंगिक पुनरुत्पादन होतं, तो अंतिम यजमान. ज्याच्यात तो अर्ध्या वाटेची, अळीची किंवा तत्सम अवस्था काढतो तो मध्यस्थ यजमान. ही व्याख्या पाठ करून फारसा उपयोग होत नाही. डुकरातल्या पट्टकृमीची गोष्ट समजली, की ती आपोआप समजते.

या कृमीच्या बाबतीत माणूस अंतिम यजमान आणि डुक्कर मध्यस्थ. माणसाच्या आतड्यात काही मीटर लांबीचा पट्टकृमी राहतो. त्याचे अंड्यांनी भरलेले तुकडे शौचातून बाहेर पडतात. ते खाल्लेल्या डुकराच्या स्नायूंमध्ये त्या अंड्यांपासून वाटाण्याएवढ्या पाणीदार गाठी तयार होतात. ते मांस कच्चं राहिलं आणि माणसाने खाल्लं, की गाठीतून पुन्हा पट्टकृमी. इथपर्यंतचा फेरा त्रासाचा असला तरी सहसा जिवावर बेतत नाही.

खरा घात वेगळ्याच वाटेने होतो. माणसाने मांसातली गाठ न खाता पट्टकृमीची अंडी गिळली, तर शरीराच्या दृष्टीने तो डुकराच्या जागी येतो. तो नकळत मध्यस्थ यजमान होतो. अंड्यांतून निघालेली अळी रक्तावाटे फिरते आणि तिच्या गाठी स्नायूंत, डोळ्यांत आणि मेंदूत होतात. मेंदूतली गाठ वर्षानुवर्षं गप्प बसते आणि एखाद्या दिवशी माणसाला अचानक फिट येते. हा आजार जिथे मुरलेला आहे, अशा अनेक भागांत अपस्माराच्या साधारण ३० टक्के रुग्णांमागे या गाठी असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

अंडी येतात माणसाच्या शौचातून, मांसातून नव्हे. म्हणून जन्मात कधी मांसाला न शिवलेल्या माणसाच्या मेंदूतही ही गाठ होऊ शकते. पट्टकृमी असलेल्या माणसाने हात न धुता केलेला स्वयंपाक किंवा मैला मिसळलेल्या पाण्यावर वाढलेली, कच्ची खाल्लेली भाजी एवढं पुरतं. असं निदान झालेल्या शाकाहारी कुटुंबांत मी नुसता अविश्वास नाही, अपमान झाल्याची भावना पाहिली आहे. आपण बाटलो असं त्यांना वाटतं. त्यांना समजावताना मी कागदावर दोन बाण काढते: एक गाठीकडून आतड्याकडे, एक अंड्याकडून मेंदूकडे. दुसऱ्या बाणात मांस कुठेच येत नाही, हे डोळ्यांनी दिसलं की चेहरे निवळतात.

यजमानांच्या बाबतीत सगळ्यांना चकवणारं उदाहरण मात्र हिवतापाचं. आपण समजतो आजार आपला, डास फक्त हमाल. प्लाझमोडियमचं लैंगिक पुनरुत्पादन डासाच्या पोटात होतं. म्हणजे शास्त्राच्या हिशेबात डास हा अंतिम यजमान आणि माणूस मध्यस्थ.

डासाचं वय

२० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरांना सिकंदराबादमध्ये एका डासाच्या जठराच्या भिंतीवर काळे रंगकण असलेल्या गोल पेशी दिसल्या. हिवतापाच्या रुग्णाचं रक्त प्यायलेला तो डास होता. डासाच्या पोटात हा जंतू वाढतो याचा तो पहिला ठोस पुरावा. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून त्यांनी जंतूचा डासाच्या लाळग्रंथीपर्यंतचा प्रवास दाखवून दिला.

त्या शोधातली एक बाजू सामान्यतः सांगितली जात नाही, आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. रुग्णाचं रक्त प्यायल्याबरोबर डास हिवताप पसरवू शकत नाही. जंतूला डासाच्या शरीरात वाढून लाळग्रंथीत पोचायला हवामानानुसार साधारण १० ते १८ दिवस लागतात. गार हवेत आणखी जास्त. आणि अ‍ॅनोफिलीसची, म्हणजे हिवतापाच्या डासाची, मादी जगते तरी किती? बहुतेक जणी दोन-तीन आठवड्यांच्या आतच मरतात. म्हणजे हिवताप पसरवतात त्या फक्त म्हाताऱ्या डासीणी.

हिशेब करून बघू. समजा, रोज १०० पैकी ९० डास दुसऱ्या दिवसापर्यंत जगतात. मग १०० संसर्गित डासांपैकी १० दिवसांनी सुमारे ३५ उरतील. आता घराच्या भिंतींवर कीटकनाशक फवारलं, कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या दिल्या, आणि रोज जगणाऱ्यांचं प्रमाण ९० वरून ७० वर आलं. १० दिवसांनी किती उरतील? तीनसुद्धा नाहीत. डास संपलेले नाहीत, घरात गुणगुण चालूच आहे, तरी हिवताप पसरवू शकणारे डास दहा पटींनी कमी झाले. "फवारणी केली तरी डास आहेतच, काय उपयोग?" असं ऐकू येतं तेव्हा मला हाच हिशेब मांडावासा वाटतो. रक्त पिऊन जड झालेली मादी विसाव्याला भिंतीवर बसते, फवारणी ती तिथेच गाठते, आणि जंतू लाळेत पोचण्याआधी तिचं आयुष्य संपतं.

माणसाच्या शरीरातली बाजूही तितकीच अवघड. हिवतापाच्या व्हायव्हॅक्स प्रकारात काही जंतू यकृतात झोपी जातात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जागे होऊन पुन्हा ताप आणतात. रक्तातले जंतू मारणारी गोळी यकृतातल्यांना लागू पडत नाही. त्यासाठी प्रिमाक्विन वेगळं द्यावं लागतं, नेहमीच्या पद्धतीत १४ दिवस. ताप तिसऱ्या दिवशी उतरलेला असतो आणि माणूस पाचव्या दिवशी गोळ्या सोडतो. (हे औषध जी-सिक्स-पीडी या विकराची, म्हणजे एन्झाइमची, कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी फोडू शकतं, म्हणून ते डॉक्टरांनी तपासून द्यायचं असतं, शेजाऱ्याच्या उरलेल्या पाकिटातून घ्यायचं नसतं.) २०२३ मध्ये जगात हिवतापाचे अंदाजे २६.३ कोटी रुग्ण झाले आणि ५ लाख ९७ हजार माणसं गेली. त्यातली बहुसंख्य आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं. जगातला सगळ्यात नीट अभ्यासलेला परजीवी हाच असावा, आणि तरी हे आकडे.

वाट कुठे अडवायची

आरोग्य खात्याच्या भाषेत तीन शब्द वेगवेगळ्या अर्थाने वापरतात, आणि बातम्यांत त्यांची सरमिसळ होते. नियंत्रण म्हणजे आजार सोसण्याइतका कमी करणं. दूरीकरण म्हणजे एखाद्या प्रदेशात नव्या संसर्गाची साखळी तोडणं, किंवा आजार ठरवून दिलेल्या मर्यादेखाली आणणं. निर्मूलन म्हणजे जगातूनच नाहीसा करणं, कायमचा. परजीवींपैकी एकाचंही निर्मूलन अजून झालेलं नाही. सगळ्यात जवळ आलाय तो नारू हा कृमी.

नारूवर आजही मारक औषध नाही, लस नाही. एकदा होऊन गेला म्हणून प्रतिकारशक्तीही येत नाही. त्याच्या अळ्या पाण्यातल्या सूक्ष्म पाणपिसवांच्या पोटात असतात आणि ते पाणी प्यायल्यावर माणसात येतात. वर्षभराने जवळजवळ मीटरभर लांबीची मादी बहुधा पायावर फोड आणून बाहेर डोकावते. फोडाची आग इतकी होते, की माणूस पाय पाण्यात बुडवतो, आणि नेमक्या त्याच क्षणी ती लाखो अळ्या पाण्यात सोडते. काडीला गुंडाळत, रोज थोडा थोडा ओढत, दिवसच्या दिवस तो बाहेर काढावा लागतो. ओढताना तुटला तर जखम चिघळते. १९८६ मध्ये जगात असे अंदाजे ३५ लाख रुग्ण होते. पाणी कापडातून गाळून प्यायचं, फोड आलेल्या माणसाला तलावात किंवा पायऱ्यांच्या विहिरीत उतरू द्यायचं नाही, गरज पडली तर पाण्यात पाणपिसवा मारणारं औषध घालायचं, एवढ्या तीन गोष्टींवर २०२४ मध्ये तो आकडा १५ वर आला. लाख नव्हे, १५ माणसं.

जपानमध्ये वाट वेगळ्या ठिकाणी अडवली. कोफू खोऱ्यातल्या भातशेतकऱ्यांची पोटं पाण्याने फुगत, हातपाय काडीसारखे होत आणि माणसं अकाली जात. कारण कुणाला माहीत नव्हतं. १८९७ मध्ये त्याच आजाराने मरणाला टेकलेल्या एका शेतकरी बाईने, मेल्यावर माझं शरीर उघडून बघा, असं स्वतःहून लिहून दिलं. त्या काळी ही किती मोठी गोष्ट होती! तिच्या शरीरात अनोळखी अंडी सापडली. १९०४ मध्ये फुजिरो कात्सुरादा यांना त्याच भागातल्या एका मांजरात तो कृमी मिळाला, शिस्टोसोमा. १९१३ मध्ये केइनोसुके मियाइरी यांनी त्याचा मध्यस्थ यजमान शोधला: नखाएवढीही नसलेली एक गोगलगाय, शेताच्या पाटांच्या कडेला चिखलात राहणारी. कृमीच्या अळ्या तिच्यात वाढून पाण्यात उतरत आणि पाण्यात उभ्या माणसाच्या कातडीतून शिरत.

शेतकऱ्याला पाण्यात उतरू नको सांगणं शक्य नव्हतं. मग गोगलगायीला धरलं. गावकऱ्यांनी त्या वेचल्या, पाटांत चुना टाकला, पुढे औषधं वापरली आणि शेवटी मातीच्या पाटांना काँक्रीटचं अस्तर केलं, कारण वाहत्या पाण्याच्या गुळगुळीत भिंतीवर ही गोगलगाय टिकत नाही. १९९६ मध्ये त्या प्रांताने आजार संपल्याचं जाहीर केलं. मियाइरींच्या शोधापासून ८३ वर्षं. ती गोगलगाय आता तिथे दुर्मीळ झाली आहे, आणि मातीच्या पाटांतले इतर जीवही गेले. मला त्याची हळहळ वाटते, तरी त्या लोकांच्या जागी मीही तेच केलं असतं.

हत्तीरोगात तिसरीच युक्ती. त्याचे प्रौढ कृमी लसीकावाहिन्यांत, म्हणजे शरीरात पाझरलेला द्रव परत रक्तात नेणाऱ्या नळ्यांत, सहा-आठ वर्षं जगतात आणि सध्याच्या गोळ्यांनी सगळे मरत नाहीत. मरतात ती मुख्यतः त्यांची पिल्लं, रक्तात फिरणारे मायक्रोफायलेरिया. बहुतेक प्रदेशांत ही पिल्लं दिवसा फुप्फुसांत दडतात आणि रात्री, डास चावायच्या वेळेला, कातडीजवळच्या रक्तात येतात. म्हणून रक्ताचा नमुना रात्री दहानंतर घेतात. सामुदायिक औषधोपचार मोहिमेत अगदी धडधाकट दिसणाऱ्यालाही गोळी का देतात, याचं उत्तर यात आहे. त्याच्या रक्तात पिल्लं असू शकतात, त्याला काहीही होत नसलं तरी डास ती उचलतो. वस्तीतल्या पुरेशा लोकांनी दरवर्षी गोळी घेतली, तर म्हातारे कृमी मरेपर्यंत डासाला उचलायला काही मिळत नाही. म्हणून निदान पाच वर्षं, आणि एकूण लोकसंख्येच्या निदान ६५ टक्के लोकांनी, हा नियम. गोळी तोंडात धरून नंतर थुंकणारे लोक हे सगळं माहीत नसल्यामुळे थुंकतात. समोर उभं राहून गिळायला लावणाऱ्या कार्यकर्त्याने दोन मिनिटं काढून ते सांगितलं, तर बरेच जण गिळतात.

शाळेतल्या जंतनाशक गोळीचंही तसंच. अल्बेंडाझोलची एक गोळी पोटातले गोलकृमी बहुतांशी काढते, मूल तरतरीत होतं, आणि माती तशीच राहिली तर वर्षभरात जंत पुन्हा जवळजवळ होते तेवढेच होतात. जगात दीड अब्ज माणसांच्या पोटात मातीतून आलेले कृमी आहेत. गोळी द्यायलाच हवी, पण शौचालयाच्या खर्चाला पर्याय म्हणून ती दिली जाऊ नये.

मध्येच हात सैल सोडला तर काय होतं, ते श्रीलंकेने भोगलं. १९४० च्या दशकात तिथे वर्षाला लाखो लोकांना हिवताप होई. डीडीटी या कीटकनाशकाच्या फवारणीने १९६३ मध्ये देशभरात फक्त १७ रुग्ण उरले. आजार गेला असं वाटलं, फवारणी थांबली, तपासणी ढिली पडली. १९६९ मध्ये वर्षाचे रुग्ण पाच लाखांच्या वर गेले, आणि डास तोवर डीडीटीला सरावत चालले होते. पुन्हा सगळं उभं करून, प्रत्येक रुग्णाच्या घरापर्यंत माग काढत, त्या देशाला हिवतापमुक्तीचं प्रमाणपत्र २०१६ मध्ये मिळालं. तिथे आजही परदेशातून ताप घेऊन आलेल्या माणसाची हिवतापाची तपासणी करतात. डास गेलेले नाहीत. एक रुग्ण पुरतो.

नारूची शेवटची लढाईही सरळ संपत नाहीये. २०१२ पासून आफ्रिकेतल्या चाड देशात कुत्र्यांच्या अंगातून नारू बाहेर पडू लागल्याचं दिसलं, आणि आता तिथे माणसांपेक्षा कितीतरी जास्त कुत्र्यांना तो होतो. एवढी वर्षं सगळी मोहीम माणूस हाच एकमेव यजमान धरून आखलेली होती. रोगाचा साठा प्राण्यांतही आहे म्हटल्यावर निर्मूलनाची मुदत पुढे ढकलावी लागली. आता तिथले स्वयंसेवक घरोघरी जाऊन कुत्र्यांचे पाय तपासतात, नारू दिसला की कुत्रं बांधून ठेवायला लावतात, आणि माशांची आतडी उघड्यावर न टाकता पुरायला सांगतात, कारण कुत्र्यापर्यंत तो बहुधा त्याच वाटेने पोचत असावा.